तिसऱ्या सीटवरच्या ताई

सहाचीच बस पकडायची, असा सावकाशरावांचा हट्ट होता. पावणेसहाची नको, सव्वासहाची नको.

"दिवे काय सहाला लागून साडेसहाला विझतात?" नातीच्या पायांत मोजे चढवत बायको म्हणाली.

"सहाच्या बसला गर्दी कमी असते."

"नाताळच्या आधीच्या शनिवारी गर्दी कमी. बरं."

तिने पुढे विचारलं नाही. बस चालवणाऱ्या माणसाशी तीस वर्षं संसार केलेल्या बाईने वेळापत्रकावरून वाद घालू नये, एवढं तिला कळत होतं. शिवाय चार महिन्यांत हा माणूस पहिल्यांदाच आपण होऊन बाहेर पडू म्हणाला होता. मुलीने पार्लरमधून लवकर सुट्टी घेतली होती. तिची सहा वर्षांची लेक दुपारपासून टोपी घालून बसली होती.

सावकाशराव हे काही खरं नाव नव्हे. डेपोने ठेवलेलं. बस थांबली की उतरणाऱ्या प्रत्येकाला ते पुढून ओरडून सांगत, "सावकाश." म्हातारा असो, शाळेतलं पोर असो, नाहीतर दोन पायऱ्या गाळून उडी मारणारा पैलवान असो. सत्तावीस वर्षं. दिवसाला सहाशे वेळा तरी, असा त्यांच्या कंडक्टरचा अंदाज होता. "एवढ्या जपात दुसरा कुणी मोक्षाला गेला असता," तो म्हणायचा. "हे अजून बेचाळीस नंबरच्या रूटवरच."

लोक मागच्या दाराने चढत आणि मधल्या दाराने उतरत. त्यामुळे सावकाशरावांना माणसं दिसत ती आरशात. डोक्यावरच्या लांबट आरशात आतली, बाजूच्या आरशात बाहेरची. रोजच्या प्रवाशांपैकी एकाशीही ते कधी समोरासमोर उभे राहिले नव्हते. पण माहीत सगळे होते. एक गृहस्थ बसल्या बसल्या झोपायचे आणि आपल्या स्टॉपच्या बरोबर आधी जागे व्हायचे. एक मुलगी रोज सफरचंद खायची आणि देठ जपून रुमालात ठेवायची. एक जोडपं वर्षभर शेजारी बसलं, मग पुढे-मागे बसायला लागलं, मग दोघांपैकी एकच यायला लागलं.

आणि तिसऱ्या सीटवर त्या बाई. पन्नाशीच्या. केसांत एकाच बाजूला रुंद पांढरी बट, जणू कुणी ब्रश ओढलाय. सकाळी सात वीसला चढायच्या. नऊ वर्षांत सावकाशराव त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. 'सावकाश' सोडून.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सावकाशरावांचा डावा हात जड झाला. दोन स्टॉपच्या मध्ये. मग छातीवर कुणी तरी येऊन बसलं. पुढचा स्टॉप दोनशे मीटरवर होता. त्यांनी बस तिथवर नेली. फुटपाथला चिकटवली. हँडब्रेक ओढला. दारं उघडली. एवढं आठवतं. पुढचं त्यांना कंडक्टरने सांगितलं.

त्यांचं डोकं स्टिअरिंगवर पडलं आणि हॉर्न वाजायला लागला. कारणाशिवाय हॉर्न न वाजवणारा हा माणूस, आणि हॉर्न थांबेना. आधी लोकांना वाटलं, रागावलेत. मग तिसऱ्या सीटवरच्या बाई उठल्या. त्यांनी आणि कंडक्टरने मिळून त्यांना सीटमधल्या वाटेत आडवं केलं. बाईंनी गुडघे टेकले, हातावर हात ठेवला आणि छाती दाबायला सुरुवात केली. मोठ्याने आकडे मोजत. अकरा मिनिटं. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांच्या केसांतून घाम ठिबकत होता. गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. कंडक्टरने मागे वळून पाहिलं तेव्हा त्या नव्हत्या.

त्यानंतर त्या बसला दिसल्या नाहीत. कंडक्टर रोज पाहायचा आणि संध्याकाळी फोन करायचा. "नाही आल्या. तिथे आता एक जाडे गृहस्थ पेपर पसरून बसतात."

सावकाशराव वाचले. पण डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं. एक जानेवारीपासून डेपोतच, ड्युट्या लावायच्या टेबलावर. म्हणजे आरसा संपला. इतकी वर्षं जी माणसं आपोआप दिसत होती, ती आता शोधल्याशिवाय दिसणार नव्हती. आणि शोधायला त्यांच्याकडे एकच धागा होता. दरवर्षी नाताळच्या आधीच्या शनिवारी त्या बाई सहाच्या बसला यायच्या. बरोबर व्हीलचेअरवर एक वृद्ध गृहस्थ, बहुधा वडील. दिव्यांच्या रस्त्याला उतरायच्या. त्या दिवशी सावकाशराव बस फुटपाथला अशी लावायचे की मध्ये बोटभर फट राहू नये.

आजचा शनिवार तोच. आज भेटल्या नाहीत, तर पुढच्या वर्षापर्यंत त्या आभाराचं ओझं घेऊन ड्युट्या लावत बसायचं होतं.

बेचाळीस नंबर आली. नवा ड्रायव्हर तरुण होता. सावकाशराव पुढच्या बाजूला बसले आणि लगेच मान वळवून मागे पाहायला लागले. प्रत्येक स्टॉपला. व्हीलचेअर चढली नाही. पांढरी बटही नाही.

"आजोबा, तुम्ही पाय का आपटताय?" नातीने विचारलं.

"ब्रेक मारतोय."

"तो तर तिकडे आहे."

"तो काका उशिरा मारतो."

बायको इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होती. आता वळली. "ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कुणाला शोधताय?"

त्यांनी सांगितलं. बायकोने स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे घरी बोलला असता तर मी जरा बरे कपडे घातले असते."

दिव्यांचा रस्ता गाड्यांना बंद केलेला होता. दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून तारा ओढल्या होत्या, आणि त्यांवर दिवे असे दाट की वर छत घातल्यासारखं वाटावं. दुकानांच्या काचांमध्ये तारे टांगलेले. चौकात उंच झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांनी गुंडाळलेलं. ते दर मिनिटाला रंग बदलायचं. पांढरं, निळं, लाल, पुन्हा पांढरं. रंग बदलला की गर्दीतून एक हलका 'आऽ' उठायचा, प्रत्येक वेळी, जणू आधीचा विसरलाच.

नात टाचा उंचावून पाहत होती. मुलीने तिला खांद्यावर घेतलं. सावकाशरावांनी एकदाही वर पाहिलं नाही. सगळे दिव्यांकडे पाहत होते आणि ते त्यांच्या केसांकडे पाहत होते. अवघड काम होतं. झाड निळं झालं की सगळ्यांचे पांढरे केस निळे व्हायचे. लाल झालं की लाल. एक मिनिट थांबायचं, पांढरं होऊ द्यायचं, आणि तेवढ्या वेळात जमतील तेवढी डोकी तपासायची.

झाडाजवळ मोबाईल उंच धरून एक बाई हळूहळू सरकत होत्या. पांढरी बट होती. सावकाशराव त्यांच्याकडे वळले. मग थांबले. बट भलत्याच बाजूला होती. शिवाय बाई एकट्या. ते पुढे गेले. परत येताना त्या पुन्हा दिसल्या. पुन्हा सोडून दिल्या. तिसऱ्यांदा तर त्यांना वळसा घालावा लागला.

आणि मग खेळण्यांच्या दुकानासमोर व्हीलचेअर दिसली. खुर्चीत गुडघ्यांवर शाल घेतलेले म्हातारे गृहस्थ. मागे बाई. बट पांढरीशुभ्र आणि अगदी हव्या त्या बाजूला.

सावकाशराव सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. चार महिने मनात घोळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तुमच्यामुळे आज उभा आहे. ही माझी बायको, ही मुलगी, ही नात. हिला आजोबा आहेत ते तुमच्यामुळे. काय बोलू, शब्द नाहीत. शब्द नाहीत म्हणत ते आणखी दोन मिनिटं बोलले. बायकोने डोळे टिपले.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फार छान वाटलं ऐकून. पण मी ती नव्हे."

"बेचाळीस नंबर. सात वीसची."

"आम्ही दुसऱ्या गावाहून आलोय. आज सकाळी. गाडीने."

"ऑगस्टमध्ये—"

"ऑगस्टमध्ये माझाच हात प्लॅस्टरमध्ये होता हो."

खुर्चीतले गृहस्थ मान वर करून म्हणाले, "कुणी का वाचवलं असेना, वाचलात ना? अभिनंदन." आणि त्यांनी हात पुढे केला. सावकाशरावांनी तो धरला. दुसरं काय करणार?

ते बाजूला आले. कान तापले होते.

"हात दाखवून अवलक्षण," बायको म्हणाली. "मी उगाच रडले. आता खरी भेटेल तेव्हा माझ्याकडे काही उरायचं नाही."

"अगं, बट त्याच बाजूला होती. नऊ वर्षं पाहिलीय मी. डाव्या हाताला."

मुलगी नातीला खाली उतरवत होती. ती मध्येच थांबली. "बाबा, कुणाच्या डाव्या हाताला?"

"माझ्या."

"आरशात?"

"मग आणखी कुठे?"

मुलगी बारा वर्षं लोकांचे केस कापत होती. दिवसभर आरशासमोर उभं राहून. तिने आधी कपाळावर हात मारला आणि मग वडिलांना खांदे धरून आपल्यासमोर उभं केलं. "माझ्याकडे बघा. हे माझं कानातलं. एकच घातलंय असं समजा, या डाव्या कानात. ते तुमच्या कुठल्या हाताला आलं?"

"उजव्या."

"आता मी तुमच्या मागे बसलेय आणि तुम्ही मला आरशात बघताय. माझा डावा कान आरशात तुमच्या डावीकडेच दिसणार. पार्लरमधली नवी मुलगी पहिल्या आठवड्यात यावरूनच रडली होती. गिऱ्हाईक सांगे एक बाजू, ती कापे दुसरी. तुम्ही त्या बाईंना कधी समोरून पाहिलंय?"

मनात सावकाशराव सगळी बस पुन्हा भरत होते. झोपणारे गृहस्थ. सफरचंदाची मुलगी. सत्तावीस वर्षं त्यांनी सगळं गाव उलटं पाहिलं होतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

मग त्यांना मोबाईलवाल्या बाई आठवल्या.

"झाडाजवळ," ते म्हणाले. "मी तीनदा सोडल्या."

ते निघाले तशी बायकोने कोपर पकडलं. "पळायचं नाही."

"अगं, जातील त्या."

"जाऊ देत. डॉक्टर काय म्हणाले? पोरी, तू हो पुढे."

मुलगी गर्दीत घुसली. हे तिघं मागून. चौक शंभर पावलांवर होता. सावकाशरावांना वाटलं, सकाळच्या गर्दीत बस काढणं सोपं. एका बाजूला बायकोने धरलेलं, दुसऱ्या बाजूला नात. ती प्रत्येक दुकानापाशी थांबत होती. "आजोबा, चला ना," तीच वर म्हणत होती.

झाड पांढरं झालं तेव्हा ते पोचले. मुलगी त्या बाईंसमोर उभी होती आणि बोलत होती. बाईंचा मोबाईल धरलेला हात खाली आला होता. चेहरा कागदासारखा. मुलीने मागे बोट दाखवलं. बाईंनी वळून पाहिलं.

आता समोरासमोर. सावकाशरावांना तो चेहरा ओळखीचा वाटला आणि नाहीही. चार महिन्यांची वाक्यं तर खेळण्यांच्या दुकानासमोर खर्च झाली होती. एकही शिल्लक नव्हतं.

बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. छातीकडे पाहत होत्या. कोटाची वरची दोन बटणं उघडी होती, तिथे.

"बरगड्या?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मला तीन वाटल्या."

"दोनच. जुळल्या."

बाई खाली बसल्या. झाडाभोवती सिमेंटचा कठडा होता, त्यावर. आवाज न करता रडायला लागल्या. बायको शेजारी टेकली. हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिने बाईंच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही काही खाल्लंय का?"

बाईंनी मान हलवली. नाही.

मुलगी कोपऱ्यावरच्या गाडीवरून कागदी पेल्यांत गरम कॉफी घेऊन आली, नातीसाठी दूध. बाईंनी पेला दोन्ही हातांत धरला. मग सांगायला लागल्या.

त्या पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीवर होत्या. तिथल्या सगळ्यांना दरवर्षी एक दिवस हे शिकवतात. रबरी बाहुला असतो. "आम्ही हसायचो त्याला. त्याचं नाव आम्ही जावई ठेवलं होतं. कितीही दाबा, काही बोलत नाही." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "पण बाहुल्याच्या बरगड्या मोडत नाहीत. तुमच्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी थांबले नाही. तुम्हाला नेलं तेव्हा तुम्ही डोळे उघडले नव्हते. मला वाटलं, मीच मारलं."

"डॉक्टर म्हणाले," सावकाशराव म्हणाले, "ज्याने कुणी मोडल्या, त्याने काम चोख केलं. हलक्या हाताचं माणूस असतं तर तुम्ही इथे नसता, म्हणाले."

बाईंनी पेला तोंडापासून खाली घेतला. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमचा पत्ताच नव्हता. आमचा कंडक्टर रोज पाहायचा."

"मी दुसऱ्या बसने जाते. दोनदा बदलावी लागते. डेपोला दोनदा फोन लावला. उचलला की मी बंद केला. ते 'गेले' म्हणाले असते तर?" त्या थांबल्या. "आणि घरी बाबा."

"ते नाही आले यंदा?" सावकाशरावांनी विचारलं. "संध्याकाळपासून व्हीलचेअर शोधतोय मी."

"थंडी सोसत नाही आता त्यांना. म्हणून व्हिडिओ घेत होते त्यांच्यासाठी. पूर्ण रस्त्याचा. सावकाश चाल म्हणालेत, मागच्या वर्षी खुर्ची ढकलताना घाई केलीस." मग त्यांनी पेला कठड्यावर ठेवला. "त्या दिवशी घरी जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. ते रोज विचारायला लागले. बसवाल्याचं काय झालं? फुटपाथला बस चिकटवणारा तो? मी काय सांगणार? म्हटलं, बरे आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हटलं, कामावर आले. मग ते रोजचंच झालं. आज भेटले का? भेटले. काय म्हणाले? तुमची चौकशी केली, म्हटलं. एकदा तर मी सांगितलं, त्यांनी नवीन चष्मा घेतलाय."

"मला चष्मा नाही," सावकाशराव म्हणाले.

"माहितीये. काही तरी सांगावं लागायचं ना रोज."

बायको हसली. मग बाईही. हसताना त्यांनी बाहीने डोळे पुसले. "चार महिने मी एका माणसाला जिवंत ठेवलं, आणि मला स्वतःला माहीत नव्हतं तो आहे की नाही."

झाड लाल झालं. गर्दीतून 'आऽ' उठला.

"दादा, एक करता?" बाईंनी मोबाईल हातात घेतला. "बाबांशी दोन शब्द बोला यात. मी जाऊन दाखवते. फक्त असं बोला की... म्हणजे आपण रोज भेटतो असं."

सावकाशरावांनी बायकोकडे पाहिलं. हा माणूस कधी खोटं बोललेला तिला माहीत नव्हता. रजेच्या अर्जावर ते 'कंटाळा' असं खरं कारण लिहीत आणि रजा नामंजूर करून घेत.

"बोला की," बायको म्हणाली. "माझ्या पर्समध्ये वाचायचा चष्मा आहे. घालता का?"

त्यांनी घातला. लालसर फ्रेम, बायकी. मुलीने त्यांना दोन पावलं डावीकडे सरकवलं, म्हणजे झाडही यावं. कॉलर नीट केली. बाईंनी मोबाईल धरला आणि मान डोलावली.

"नमस्कार काका," सावकाशराव म्हणाले. "ओळखलंत ना? बेचाळीस नंबरवाला. तुमच्या ताई रोज भेटतात मला. रोज. तुमचं सांगत असतात. आज दिव्यांना आलोय, तर म्हटलं तुम्हाला... तब्येत एकदम उत्तम आहे माझी. तुम्ही थंडीचं जपा. तुमच्या मुलीने फार—" ते थांबले. चष्म्यातून त्यांना काहीच दिसत नव्हतं, सगळं विरघळलेलं. ते त्या चष्म्यामुळे होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. "तुमची मुलगी फार चांगली आहे हो काका. बाकी भेटू."

"पण आजोबा, आपण तर आजच—" नात म्हणाली, आणि मुलीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाईंनी व्हिडिओ थांबवला. तिथेच एकदा लावून पाहिला. शेवटी नातीचा आवाज आलाच होता. अर्धा.

"पुन्हा घ्यायचा का?" सावकाशरावांनी विचारलं. "मी आणखी एकदा बोलतो. आता जमेल."

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं."

बायकोने चष्मा परत घेतला, पुसला, पर्समध्ये ठेवला. "खोटं बोललात ते बोललात," ती म्हणाली. "पण आता रोज भेटतो म्हणालाय. रोज नको, दर रविवारी जाऊ. ताई, पत्ता सांगा. यांना नका सांगू, मला सांगा."

बाईंनी सांगितला. बायकोने तो दोनदा म्हणवून घेतला, आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवला.